बॉनेटवरची रांगोळी

वन्सं, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत भेटायला आलेल्या माणसांनी तुमचं जे वर्णन केलं, ते ऐकून तुम्ही आतून कडी लावून घेतली असतीत. कोणी म्हणालं करारी होत्या, कोणी म्हणालं शिस्तीच्या होत्या. तुमच्या कारखान्यातल्या एक बाई म्हणाल्या, प्रभाताईंना मोठ्याने हसताना कधी पाहिलं नाही. मी मान हलवत होते आणि पाण्याचे पेले पुढे करत होते. मनात म्हटलं, बाई, तुम्ही त्यांना आमच्या पार्किंगमध्ये बघायला हवं होतं. डोक्याला पंचा, अंगात भावाचा जुना शर्ट, नाकावर पांढरा ठिपका, मांडी घालून बसल्यात गाडीच्या दारापाशी आणि हसताहेत अशा की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

मंदार म्हणाला, "आई, सोसायटीच्या अंकासाठी आत्याबद्दल चार ओळी लिही." आता चार ओळींत मी कधी थांबले आहे का? माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयातून, आणि तुम्ही माझ्या पत्रांतल्या वेलांट्या दुरुस्त करून पत्रं मलाच परत द्यायचात त्यातून. तुम्ही कधी जन्मलात, कुठे शिकलात, कोणत्या साली निवृत्त झालात, हे मंदार एका चौकटीत देणार आहे. मी तुमच्याशी नेहमीसारखं बोलते. तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगेन मधे मधे, रागावू नका. अंक वाचणारे नवीन भाडेकरू आहेत, त्यांना काय माहीत की वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, लग्न न केलेली, आणि कोथरूडच्या या इमारतीत आपली दारं तेवीस वर्षं समोरासमोर होती.

मला गाडीचं बोलायचंय. बाकी कोणी ते बोलणार नाही.

ह्यांना झटका आला तेव्हा डावा हात आणि डावा पाय दोन्ही गेले. घरी आणल्यावर व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलं वर्ष हातचं जाऊ देऊ नका, जे परत यायचं ते याच वर्षात येईल, आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे आणा. त्यांचा दवाखाना सदाशिव पेठेत. दुसऱ्याच आठवड्यात रिक्षातून उतरताना हे पडले. रिक्षावाल्याचा काही दोष नव्हता. मागून बस हॉर्न वाजवत होती, ह्यांनी घाई केली आणि पाय दुमडला. खरचटलं थोडंसंच. पण भर रस्त्यात चार परक्या माणसांनी काखेत हात घालून उचललं, ते ह्यांना फार लागलं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी आता कुठेही जाणार नाही, म्हणाले. मी समजावलं, रडले, जेवणाचं ताट तसंच परत नेलं. दोन दिवस हेच.

तिसऱ्या दिवशी तुम्ही किल्ली घेऊन आत आलात. समजूत वगैरे काही नाही. "दिनू, ऊठ. माझ्या गाडीला घाई करताच येत नाही."

ते खरंच होतं. फंडाच्या पैशांतून घेतलेली ती छोटी पांढरी गाडी, अठ्ठावन्नाव्या वर्षी चालवायला शिकलेल्या तुम्ही, आणि तुमचा तो वेग. शाळेची पोरं सायकलवरून पुढे जायची. पण दवाखान्यासमोर त्या अरुंद गल्लीत तुम्ही गाडी थांबवायचात, दोन्हीकडचे दिवे लुकलुकत ठेवायचात, आणि स्वतः मागे जाऊन रस्त्यात उभ्या राहायचात. ह्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकून, काठी धरून, तोल सावरेपर्यंत तुम्ही हलायच्या नाहीत. एकदा मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही, तेव्हा त्याला म्हणालात, "वाजवा. तो उतरेपर्यंत तुमचाही सराव होईल." त्याने हात काढला. हे हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले ते तिथे, रस्त्याच्या मधोमध.

तर काय सांगत होते, असं तीनेक महिने चाललं आणि गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. आता ती पुन्हा पास करून घ्यायची होती. कागदपत्रं बघणारा एजंट येऊन गाडीभोवती फिरला. दारांच्या खालच्या कडा गंजून जाळी झालेल्या, टपावरच्या रंगाचे पापुद्रे निघालेले. तो म्हणाला, असं नेलंत तर परत पाठवतील, आधी रंग करून आणा, आजपासून तीन आठवड्यांनी तारीख मिळालीय. ती चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. तारीख चुकली तर मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, म्हणजे हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपणार, हे मला आणि तुम्हाला दोघींनाही कळलं. आपण एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून तुम्ही त्याला विचारलंत की रंग द्यायचाय का सोन्याचा पत्रा बसवायचाय. ह्यांच्या आजारपणात तुमच्या ठेवी मोडून झाल्या होत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही ते कळूच दिलं नव्हतं. मंदार हैदराबादहून फोनवर म्हणाला, आत्या, गाडी भंगारात द्या, कॅबचे पैसे मी पाठवत जाईन. तुम्ही म्हणालात, "पाठव. आणि कॅबवाला माझ्या भावाला सावकाश उतर म्हणेल, त्याचेही वेगळे पाठव." फोन ठेवलात आणि मला म्हणालात, पदर खोच, आपण घरी रंगवू.

मी म्हटलं, वन्सं, आपल्याला खिडकीचे गजसुद्धा नीट रंगवता येत नाहीत. तुम्ही म्हणालात, म्हणूनच गाडी घेतलीय, तिला गज नाहीत.

बोहरी आळीतल्या त्या रंगाच्या दुकानदाराचा चेहरा मला अजून दिसतो. दोन म्हाताऱ्या बायका बघून त्याने विचारलं, मावशी, खिडक्यांना का? तुम्ही म्हणालात, "खिडक्या आहेत. दारं पाच आहेत. चाकं चार." त्याला कळायला वेळ लागला, पण माणूस चांगला होता. खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं. साधा ऑइलपेंट घ्या, स्पंजचा रोलर घ्या. आधी गंज घासून काढा, अस्तर लावा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. मग रंग एकदम पातळ करून सहा हात द्या, एका हातानंतर पुरता दिवस वाळू द्या, मधे पाण्याचा पॉलिश पेपर मारा. पातळ म्हणजे किती पातळ, मी विचारलं. तो म्हणाला, ताकाइतका. तिथे मला धीर आला. ताक मला कळतं. शेवटी तो म्हणाला, फवाऱ्याची चकाकी यायची नाही, पण लांबून बरी दिसेल. तुम्ही म्हणालात, चालेल, मीही लांबूनच बरी दिसते.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी वासाचं कारण काढून पार्किंगमध्ये रंगवायला नाही म्हटलं होतं. तुम्ही त्यांना एका कागदावर लिहून दिलंत की उरलेल्या रंगात सोसायटीचं गंजलेलं फाटक रंगवून देऊ. दुसऱ्या दिवशी परवानगी. ते फाटक आजही पांढरं आहे, आणि कोणी रंगवलं ते अर्ध्या सोसायटीला माहीत नाही.

गाडी आठवड्यातून तीन दिवस दवाखान्याला हवीच होती, म्हणून काम उरलेल्या दिवशी. सकाळी सगळ्यांच्या स्कूटरी गेल्या की आपण खाली. धूळ बसू नये म्हणून गाडीभोवती दोऱ्या बांधून जुन्या सुती साड्या ओल्या करून लावल्या. माझ्या लग्नातली एक होती, तुमच्या आईंच्या दोन होत्या. आत शिरलं की न्हाणीघरासारखा गारवा. चार दिवस नुसतं घासणं. माझी बोटं अशी झाली की पोळी लाटताना पीठ झोंबायचं. आणि दवाखान्याच्या दिवशी तीच गाडी घेऊन जायचं, लांबीचे करडे ठिपके अंगभर, गोवर आलेल्या पोरासारखी. दवाखान्याचा वॉचमन रोज विचारायचा, आज कशी आहे तब्येत. ह्यांची विचारतोय की गाडीची, ते मी कधी विचारलं नाही.

आता जे लिहिते ते मी तुम्हाला कधी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ह्यांना खाली आणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलंत. मला वाटलं, हवा लागावी म्हणून. मग तुम्ही पेट्रोलच्या तोंडावरची ती चौकोनी पत्र्याची झडप दोन स्क्रू काढून सोडवलीत आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलीत. पॉलिश पेपरचा तुकडा ओला करून ह्यांच्या डाव्या हातात दिलात. उजव्या नाही, डाव्या. हे म्हणाले, ताई, या हाताने येत नाही. तुम्ही पाठ फिरवून म्हणालात, "मला उजव्या हाताचा कारागीर नकोय, ते दोन आहेत." आणि निघून गेलात दाराची कड घासायला.

ह्यांचा तो हात तोवर पिशवीसारखा लोंबायचा. बोटांत कागद राहीना. पडायचा, हे उजव्या हाताने उचलून पुन्हा डाव्यात ठेवायचे. मी मदतीला निघाले तर तुम्ही माझ्या साडीचं टोक ओढून मला खाली बसवलंत. त्या दिवशी बहुतेक वेळ कागद जमिनीवरच होता. पण तिसऱ्या दिवशी बोटांनी तो धरला. डॉक्टरीणबाई रबरी चेंडू दाबायला सांगायच्या तेव्हा हे कंटाळायचे, चेंडू पलंगाखाली टाकायचे. झडपेचा मात्र हट्ट धरला. त्या चार बोटं रुंद पत्र्याला ह्यांनी सगळे हात डाव्या हाताने दिले, उजव्या हाताचा टेकू घेऊन, जीभ दातांत धरून. तुम्ही याला एकदाही व्यायाम म्हणाला नाहीत. कौतुकही केलं नाहीत. फक्त रोज सकाळी विचारायचात, कारागीर आले का कामावर.

आणि त्यात ह्यांचं बोलणं परत आलं. घरात पडून पडून हो आणि नको एवढंच उरलं होतं. पार्किंगमध्ये तुम्हा दोघांची भांडणं सुरू झाली. पांढरा कोणता, दुधाळ की निळसर. आधी टप की आधी दारं. ह्यांनी टपाच्या पापुद्र्यांना टक्कल म्हटलं आणि तुम्ही ह्यांच्या डोक्याकडे नुसतं बघितलंत. मग दोघंही हसत सुटलात. तेच ते हसणं, ज्यासाठी माणसं गॅलरीत आली. मी रोलर धरून उभी आणि माझे डोळे भरून आलेले. तुम्ही म्हणालात, थिनरचा वास चढला का तुला. मी हो म्हटलं.

तिसऱ्या हाताला तुमची चूक झाली. डब्यात तळाला दाट रंग उरला होता. झाकण लावून ठेवायचा तर साय धरेल, टाकायचा तर जीव जाईल. तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेली बाई, उरलेला माल तुम्हाला बघवेना. ताकाइतका पातळ वगैरे विसरून सगळाच दोन दारांवर थापलात. हे खुर्चीतून म्हणाले, "ताई, तू गाडी रंगवतेयस की डबा संपवतेयस?" तुम्ही ऐकलं नाहीत. दुसऱ्या दिवशी बघतो तर दारांवर सुरकुत्या, दुधावरची साय बोटाने सारावी तशा. खाली ओघळ. तुम्ही चष्मा लावून दोन्ही दारं नीट बघितलीत आणि म्हणालात, "माझी चूक. खरवडायला घ्या." बस. तारखेला आठ दिवस राहिले होते, त्यातले कामाचे दोन दिवस खरवडण्यात गेले, पण त्या चुकीबद्दल तुम्ही दुसरं वाक्य बोलला नाहीत. दुकानदारावर नाही, हवेवर नाही.

मला ते कधी जमलं नाही, वन्सं. आता त्याच्यावरच येते.

शेवटचा हात. बाकी गाडी झाली होती, फक्त बॉनेट राहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख. मी आधी खाली उतरले. धूळ उडू नये म्हणून रोजच्यासारखा फरशीवर सडा घातला. आता बघा, पन्नास वर्षं या हाताने सडा घातला की पुढचं काम तो मला न विचारता करतो. शिवाय शेवटचा हात होता, काहीतरी शुभ असावं असं वाटलंच. वर जाऊन रांगोळीचा डबा आणला आणि बॉनेटच्या समोर एक कमळ काढलं. छान आलं होतं. तुम्ही आलात, रंग ढवळत होतात, खाली तुमचं लक्षच गेलं नाही. दोघींनी मिळून बॉनेटला हात दिला. आरशासारखं दिसत होतं. तेवढ्यात तुमचा फोन वाजला, एजंटाचा, आणि तुम्ही ऐकू येत नाही म्हणून फाटकापाशी गेलात.

सडा वाळला होता. साड्याही वाळल्या होत्या. वाऱ्याची एक झुळूक आली, माझ्या लग्नातल्या साडीचा काठ जमिनीवरून त्या कमळावर फिरला आणि वर उडाला. पांढरी भुकटी सगळी बॉनेटवर. रंग पांढरा, रांगोळी पांढरी, डोळ्यांना काही दिसलं नाही. मी बोट टेकवून बघितलं तर रव्यासारखं लागलं. आणि मी काय केलं माहीत आहे? ओलं फडकं घेतलं आणि आधी जमिनीवरचं कमळ पुसलं.

तुम्ही परत आलात, कडेला बोट फिरवलंत. हे कण कुठून आले? मी म्हटलं, समोरच्या बांधकामाची धूळ असेल. वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता आलं नाही. तुम्ही तशाच, पंचा बांधलेल्या, रस्ता ओलांडून बांधकामावरच्या सुपरवायझरकडे गेलात. काय बोललात ते ऐकू आलं नाही, पण तो टोपी काढून उभा होता. पुढे महिनाभर तो माणूस सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर पाणी मारत होता, आणि तुम्हाला बघितलं की नमस्कार करायचा. तुम्ही म्हणायचात, बघ, नीट सांगितलं की माणसं ऐकतात. मी मान खाली घालून भाजी निवडायची.

त्या दिवशी पुन्हा घासून हात द्यायला वेळ नव्हता. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. या बॉनेटमुळे गाडी परत पाठवली तर ह्यांचा दवाखाना बंद पडेल, आणि तो माझ्या कमळाने बंद पाडलेला असेल.

सकाळी हे म्हणाले, मीही येणार. तिघं गेलो. रांगेत दोन तास. तपासणारे साहेब आले, चॅसिसचा नंबर बघितला, दिवे बघितले, दारांच्या खालून बोट फिरवलं. मग बॉनेटवर तळहात ठेवला आणि तिथेच थांबले. मागच्या सीटवर मी पुढे वाकले.

"रंग घरी केलाय का?"

"दिसतोय ना," तुम्ही म्हणालात.

"पुढे खरखरीत लागतंय."

"वय झालं की होतं तसं."

साहेबांनी मान वर करून तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता ही बाई आपल्या जिभेपायी सगळं घालवणार. त्यांनी वाकून आत बसलेल्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं, हे कोण? तुम्ही म्हणालात, "हे आमचे कारागीर. पेट्रोलच्या झडपेचं काम यांचं आहे, डाव्या हाताचं. ते बघा, सगळ्या गाडीत तेवढंच धड झालंय." साहेब खरोखर मागे गेले. झडप उघडली, मिटली, अंगठ्याने कड चाचपली. काय वाटलं असेल त्यांना कोण जाणे. नियमात बसत होतं म्हणूनच त्यांनी केलं असणार, दारं भक्कम होती, दिवे लागत होते. पण सही करताना ते ह्यांना म्हणाले, आजोबा, काम छान आहे. हे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मान ताठ.

त्यानंतर आपण कितीदा गेलो असू त्या गाडीतून. वर्ष संपेपर्यंत एकही दिवस चुकला नाही. आधी तुमच्या खांद्यावर हात, मग चार पायांची काठी, मग साधी काठी. तुम्ही रस्त्यात उभं राहणं मात्र सोडलं नाहीत, हे पुरते चालायला लागल्यावरही. तुमची सवय झाली होती ती, की तुम्हाला ते आवडायला लागलं होतं?

एक भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही मला गाडी शिकवायला निघाला होतात. शेजारच्या मोकळ्या मैदानावर दोन रविवार नेलंत. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि तुम्ही डॅशबोर्ड धरून बसायचात. मी म्हटलं, या वयात नको. तुम्ही म्हणालात, "कुसुम, मी काय जन्मभर पुरणार आहे का तुम्हाला?" मी रागावून उतरले आणि चालत घरी आले. पुढचे आठ दिवस आपण फक्त ह्यांच्यामार्फत बोललो. ते वाक्य मला सहन झालं नव्हतं, हे तुम्हाला कळायला हवं होतं. गाडी मी अजूनही शिकणार नाही. हे तुम्हाला राग यावा म्हणून सांगत नाही, मला खरंच भीती वाटते. मंदार दिवाळीत येईल तेव्हा गाडीचं काय ते ठरवू.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तुमच्याशेजारी बसले होते. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या. कमळाचं सांगून टाकावं असं मनात आलं. म्हटलं, वन्सं, एक सांगायचंय. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, लांबड लावणार असशील तर उद्या सांग. मला हसू आलं, मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तुम्हाला नळी घातली होती.

तर आज सांगते. रांगोळी मी काढली होती. त्या बिचाऱ्या सुपरवायझरचा काही संबंध नव्हता. तुम्हाला कळलं होतं का? फरशी तेवढीच ओली होती, कमळाच्या आकाराची, आणि तुमच्या नजरेतून स्टोअरमधला एक खिळा कधी सुटला नाही. कळलं असेल तर तुम्ही तीन वर्षं गप्प राहिलात, आणि तुमच्यासारख्या बाईने गप्प राहणं म्हणजे केवढं. कळलं नसेल तर आता रागवा.

आणि दुसरं. नणंदेचे आभार मानायची आपल्यात रीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवलीत, मी तुमच्या चपलांच्या आवाजाला नावं ठेवली, आणि तेवढ्यात आपलं भागलं. पण त्या तीन आठवड्यांत तुम्ही मला माझा नवरा परत दिलात, त्याच्या हाताची बोटं एकेक करून, आणि वर असं भासवलंत की तुम्हाला फक्त गाडी रंगवायची आहे. मी पोळीबरोबर लोणचं वाढत राहिले, आभार काही मानले नाहीत. मानते आता. लिहून देते, म्हणजे नाही म्हणता यायचं नाही.

अजून एक सांगायचं राहिलंय. ते तुम्हाला बघता आलं नाही म्हणून.

स्मशानात गुरुजींनी मंदारला पुढे बोलावलं. पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारायच्या असतात, आणि गुरुजींनी ह्यांची काठी बघितली होती. हे म्हणाले, "मी फिरणार. माझी बहीण आहे." गुरुजी म्हणाले, काका, फरशी ओली आहे, मुलाने केलं तरी चालतं. ह्यांनी काठी माझ्या हातात दिली, मडकं उचललं, आणि डाव्या खांद्यावर ठेवलं. डाव्या हाताने धरलं.

पहिल्या फेरीला पाय घासत होता, मला आवाज येत होता. मंदार हात पसरून मागे मागे. दुसऱ्या फेरीला गुरुजींनी मडक्याला दुसरं भोक पाडलं, पाणी ह्यांच्या पाठीवरून वाहायला लागलं, बोटं घसरतील असं वाटलं. घसरली नाहीत. तिसऱ्या फेरीला पाय उचलून टाकत होते. तुमच्या पायांशी क्षणभर थांबले, पुन्हा चालले, डोक्याशी आले, फेरी पूर्ण केली. गुरुजी म्हणाले, आता मागे न बघता मडकं सोडा. सोडलं. फुटल्याचा आवाज आला.

मग हे तिथेच उभे राहिले, तुमच्याजवळ, दोन्ही पायांवर. काठी माझ्याच हातात होती. मी ती पुढे केली नाही.